स्थिरचित्रातले भांडे कोणाचे?

१

घरातल्या साध्या वस्तू समोर मांडून काढलेल्या चित्राला आपण स्थिरचित्र म्हणतो. तांब्या, फुलपात्र, चार कांदे, एखादे पुस्तक, मेणबत्ती, मागे सोडलेला पडदा. त्यात माणूस नसतो, प्रसंग नसतो, कथा नसते. अशा चित्राविषयी आपले कलासमीक्षक बोलतात तेव्हा प्रकाश, पोत, घनता आणि रंगसंगती यांविषयी बोलतात. ते बोलणे खोटे नसते. परंतु त्यात एक प्रश्न सहसा येत नाही. समोर ठेवलेले भांडे कोणाचे? ते कोणाच्या घरातून आले? ते बाळगण्याचा अधिकार त्या घराला केव्हा मिळाला? आणि कोणाच्या घरातले भांडे त्या मांडणीत कधी आलेच नाही?

शब्दांच्या बाबतीत दलित साहित्याने हे प्रश्न केव्हाच विचारले आहेत. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली प्रसिद्ध झाले. गावकुसाबाहेरचे घर त्यातल्या सामानासुमानासह मराठी गद्यात शिरले ते याच काळात. चित्राच्या बाबतीत मात्र हे काम फारसे झालेले नाही. आपल्याकडे कवी पुष्कळ झाले, आत्मकथने पुष्कळ झाली. आपल्या घरातल्या वस्तूंचे चित्र कोणी काढले आणि त्याचा अर्थ काय, याचा विचार मात्र थोडाच झाला.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या शाळांत मी बरीच वर्षे चित्रकला शिकवली. गडचिरोली हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा जिल्हा झाला, पण जंगल एकच, धान एकच आणि घरातली भांडीही बरीचशी एकच. या भागातल्या मुलाची स्थिरचित्राशी पहिली ओळख होते ती शासकीय रेखाकला परीक्षेत. एलिमेंटरीला वस्तुचित्र, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ साली निघाली, आणि तिथे रुजलेली युरोपीय पद्धत पुढे परीक्षांच्या वाटेने खेड्यातल्या शाळेपर्यंत पोचली. मुलांना रेषा आली, छायाप्रकाश आला. वस्तूचा इतिहास मात्र त्यांना कोणी सांगितला नाही. तो सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

२

युरोपात ज्या काळी चित्रकलेचे शास्त्र लिहिले जात होते, त्या काळी चित्रांचीही उतरंड लावली गेली. फ्रान्सच्या राजाश्रित कला अकादमीच्या वतीने आंद्रे फेलिबियाँ याने १६६७ साली ती लिहून काढली. सर्वांत वर इतिहासपुराणातले प्रसंग, त्याखाली व्यक्तिचित्र, त्याखाली जिवंत प्राणी, मग निसर्गदृश्य, आणि तळाला फळे, फुले, शिंपले. म्हणजे निर्जीव वस्तू. राजा आणि देव रंगवणारा चित्रकार श्रेष्ठ, भांडे रंगवणारा कनिष्ठ. आपल्या वाचकांना ही रचना नवी वाटू नये. ज्या समाजाला माणसांची उतरंड लावण्याची सवय असते, तो चित्रांचीही लावतो.

त्या काळी हॉलंडमध्ये स्थिरचित्रे हजारोंनी निघत होती, आणि आपल्याकडे आलेला शब्दही मुळात डच भाषेतूनच आलेला आहे. डच व्यापाऱ्याच्या मेजावरचे चांदीचे पेले, अर्धवट सोललेले लिंबू, चीनहून आलेली चिनी मातीची ताटे यांची ती चित्रे आहेत. लिंबाची साल कशी हुबेहूब उतरली आहे हे पाहून आपण थक्क होतो. पण ही चित्रे म्हणजे एक प्रकारची मालमत्तेची नोंद होती. समुद्रापलीकडून काय काय आले, कोणाच्या घरात आले, हे ती सांगत होती. शेजारी कवटी किंवा विझलेली मेणबत्ती ठेवून चित्रकार वैभवाच्या नश्वरतेचा उपदेशही करी. वैभव असणाऱ्यालाच असा उपदेश परवडतो.

फ्रान्समधला शार्दाँ मात्र निराळा. १७२८ साली त्याला अकादमीत घेतले ते प्राणी आणि फळे रंगवणारा म्हणून, म्हणजे खालच्या पायरीवरचा म्हणून. त्याने स्वयंपाकघर रंगवले. तांब्याची पाणी साठवायची टाकी, शेजारी बादली आणि पाणी घ्यायचे भांडे, एवढाच विषय असलेले त्याचे एक चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. ते १७३४ च्या सुमाराचे मानतात. पाण्याच्या भांड्याला त्याने राजाच्या मुखवट्याइतका मान दिला. उतरंडीच्या तळाशी असलेल्या माणसाने उतरंड न मोडताही तिला कसा धक्का द्यावा, याचे हे उदाहरण आहे. तांब्याचे हे भांडे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे.

३

वस्तूंची यादी चित्रकारच करतो असे नाही. धर्मशास्त्रानेही ती केली आहे. आमच्या वस्तूंची जुनी यादी पाहायची तर कोणत्याही चित्रशाळेत जाण्याची गरज नाही, मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडावा. चांडाळाने गावाबाहेर राहावे, त्याचे धन म्हणजे कुत्री आणि गाढवे, त्याचे वस्त्र म्हणजे मेलेल्याच्या अंगावरचे, त्याचे दागिने लोखंडाचे, आणि त्याने जेवायचे ते फुटक्या भांड्यात. त्याच अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला काय द्यावे तेही सांगितले आहे: उष्टे अन्न, जुनी वस्त्रे, धान्याचा फोलपट आणि घरातले जुने मोडके सामान. पुढे असेही की, सामर्थ्य असले तरी शूद्राने धनसंचय करू नये.

हे वाचताना मला नेहमी वाटते की हे एक पुरे स्थिरचित्र आहे. फुटके मडके, लोखंडी कडे, मेलेल्याचे धोतर. फरक एवढाच की ते पाहून काढलेले नाही, आज्ञा म्हणून काढलेले आहे. आधी चित्र काढले आणि मग माणसांना त्या चित्रात राहायला भाग पाडले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला, तेव्हा त्याबरोबर ही यादीही जाळली गेली असे मी मानतो. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून केलेल्या भाषणात लुगडे कसे नेसावे आणि अंगावर कोणते दागिने नसावेत हे मुद्दाम सांगितले. पुष्कळांना तो विषय किरकोळ वाटतो. ज्यांच्या जातीची ओळख वस्तूंवरून ठरवली गेली, त्यांना तो किरकोळ वाटणे शक्य नाही.

ग्रंथ जाळला तरी यादी लगेच मिटली नाही. 'जातिनिर्मूलन' या १९३६ सालच्या प्रबंधात बाबासाहेबांनी तेव्हाच्या ताज्या घटना नोंदवल्या आहेत. १९२८ साली इंदूर संस्थानातल्या बलाई लोकांना सवर्णांनी हुकूम काढले की जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. नोव्हेंबर १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावी काही अस्पृश्य स्त्रिया धातूच्या भांड्यातून पाणी आणू लागल्या, म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. भांडण पाण्यावरून नव्हते, विहिरीवरूनही नव्हते. पाणी कशात आणले यावरून होते. शार्दाँने तांब्याचे भांडे रंगवून दोनशे वर्षे झाली होती, आणि इथे तसे भांडे डोक्यावर घेणे हा गुन्हा होता.

एक तिसरी यादी आहे, तीही सांगितली पाहिजे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात कर्जदाराच्या कोणत्या वस्तू जप्त करता येणार नाहीत ते दिले आहे. आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे. सावकाराच्या दारात उभ्या असलेल्या कुटुंबाच्या बाजूने कायद्याने बोललेले हे थोडे शब्द आहेत. माणसाला माणूस म्हणून उभे राहायला कमीत कमी काय लागते याचा हिशेब त्यात आहे. मनूच्या यादीने वर जाण्याची सीमा आखली होती. या यादीने खाली ढकलण्याची सीमा आखली. दोन्ही याद्या आमच्यासाठी दुसऱ्यांनी लिहिल्या. माणसाने आपली यादी आपल्या हाताने केली तर ती कशी असते, हे पाहण्यासाठी मात्र चित्राकडेच जावे लागते.

४

अशी स्वतःची यादी करणारा एक चित्रकार सर्वांना नावाने माहीत आहे, व्हिन्सेंट व्हॅन गॉग. २३ डिसेंबर १८८८ च्या रात्री दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी त्याने स्वतःचा कान कापून घेतला. ७ जानेवारी १८८९ ला तो इस्पितळातून घरी आला आणि त्याच महिन्यात त्याने घरातल्या वस्तूंचे एक चित्र काढले. हे चित्र आज हॉलंडमधल्या क्रोलर-म्यूलर संग्रहालयात आहे. चित्रात एका फळीवर काय आहे? एका ताटलीत कांदे. त्याची चिलीम आणि तंबाखू. पेटलेली मेणबत्ती. लाखेची कांडी. एक बाटली, एक किटली. भाऊ थिओ याचे आलेले पत्र. आणि रास्पाय नावाच्या माणसाचे आरोग्यविषयक पुस्तक.

कानाची गोष्ट सर्वांना पाठ असते, फळीवरच्या वस्तू कोणी मोजत नाही. रास्पाय हा रसायनशास्त्रज्ञ होता आणि प्रजासत्ताकवादी राजकारणीही होता. डॉक्टर परवडत नाही अशा घरांसाठी त्याने घरगुती उपचारांचे पुस्तक लिहिले होते, आणि ते गरिबांच्या घरी असे. थिओच्या पत्रांतूनच पैसे येत. म्हणजे या फळीवर एका आजारी, परावलंबी, मिळकत नसलेल्या माणसाचे सगळे आधार मांडलेले आहेत: खायला काय, प्यायला काय, औषध कोणते, पैसा कोणाचा, उजेड कशाचा. त्यात डच व्यापाऱ्याचे चांदीचे पेले नाहीत आणि नश्वरतेचा उपदेशही नाही. मेणबत्ती विझलेली नाही, पेटलेली आहे. आपण अजून आहोत, एवढे तो त्या वस्तूंकरवी सांगतो. दैन्याचे प्रदर्शन त्यात नाही. ज्यांना दलित साहित्यावर 'दैन्याचे भांडवल' असा शेरा मारण्याची सवय आहे, त्यांनी हे चित्र एकदा नीट पाहावे.

याच चित्रकाराने १८८६ साली पॅरिसमध्ये जुन्या बुटांची जोडी रंगवली. त्या बुटांवरून विसाव्या शतकात एक मोठा वाद झाला. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर याने १९३५-३६ च्या व्याख्यानांत त्या बुटांत शेतकरी बाईचे कष्ट, ओली माती आणि भाकरीची काळजी पाहिली. अमेरिकेतले कला-इतिहासकार मायर शापिरो यांनी १९६८ साली उत्तर दिले की हे बूट शेतकरी बाईचे नाहीत, चित्रकाराचे स्वतःचे आहेत. तत्त्वज्ञाने आपली कल्पना चित्रावर लादली. या वादावर ग्रंथ निघाले.

मला शापिरोंचे म्हणणे पटते. कष्टकऱ्याची वस्तू पाहून त्यावर गहिरे चिंतन करणे सोपे असते, ती वस्तू कोणाची हे विचारणे अवघड असते. तरीही या दोन विद्वानांच्या वादात एक प्रश्न राहूनच गेला. ते कातडे कोणी कमावले आणि ते बूट कोणी शिवले? आपल्याकडे हा प्रश्न पहिल्यांदा उभा राहतो. इथे मेलेले जनावर ओढणारा अस्पृश्य, कातडे कमावणारा अस्पृश्य, जोडा शिवणारा अस्पृश्य, आणि वरच्या आळीतून जाताना जोडे काढून हातात घ्यावे लागत तोही अस्पृश्यच. जो जोडा तयार करतो त्याला तो पायात घालण्याची मुभा नाही, अशा देशात बुटांचे चित्र ही निव्वळ आकृती राहू शकत नाही.

५

आता आपल्या मुंबईकडे येऊ. कृष्णाजी हौलाजी आरा हे नाव मराठी वाचकांनी जितके लक्षात ठेवायला हवे तितके ठेवलेले नाही. सिकंदराबादजवळच्या बोलारम येथे १९१४ साली त्यांचा जन्म झाला. लहानपणीच, वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास, ते घर सोडून मुंबईला आले. पोटासाठी त्यांनी घरगडी म्हणून काम केले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन तुरुंगात गेले. पुढे मोटारी धुण्याचे काम केले. कलाशाळेचे शिक्षण नाही. काम सांभाळून ते चित्रे काढीत राहिले. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांच्या दृष्टीला ती पडली, आणि १९४२ साली मुंबईच्या चेतना उपाहारगृहात त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले.

१९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे आणि आरा या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप काढला. यातले गाडे अमरावती जिल्ह्यातले. रझांचा जन्म मंडला जिल्ह्यातल्या जंगलात, वनखात्यात नोकरी करणाऱ्या वडिलांच्या घरी झाला, आणि त्यांचे सुरुवातीचे कलाशिक्षण नागपूरला झाले. म्हणजे आधुनिक भारतीय चित्रकलेच्या या बंडाला आपल्या जंगलप्रदेशाचा थोडा वारा लागलेला होता. या सहा जणांत स्थिरचित्राला आयुष्यभर धरून राहिले ते आरा. फुलदाण्या, फळे, सुरया, वाडगे, घडे. फ्रान्सच्या सेझानचा प्रभाव त्यांच्यावर होता असे समीक्षक सांगतात, आणि तो दिसतोही. १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले ते 'दोन सुरया' एवढ्याच विषयाच्या चित्राला.

समीक्षक सेझानपाशी थांबतात. मला पुढे जावेसे वाटते. जो मुलगा दुसऱ्यांच्या घरात भांडी घासत आणि उचलत वाढला, त्याने पुढे आयुष्यभर भांडी रंगवावीत, हा केवळ शैलीचा प्रश्न आहे काय? घरगड्याला मालकाच्या घरातली प्रत्येक वस्तू ठाऊक असते. तिचे वजन हाताला ठाऊक असते, तिची कड कुठे उडाली आहे हे बोटाला ठाऊक असते. मालकाला ती वस्तू नुसती दिसते. घरगड्याला एवढेच बजावलेले असते की ही वस्तू तुझी नाही, फोडलीस तर पगारातून कापू. आरांनी रंगवलेले घडे आणि सुरया बसकट, जाड, जमिनीला घट्ट धरून बसलेल्या असतात. आता त्यांना कोणी उचलून नेणार नाही असे वाटते. घरगड्याने ज्या वस्तू हाताळल्या आणि ज्यांची मालकी त्याला कधी मिळाली नाही, त्या त्याने चित्रातून आपल्या करून घेतल्या, असा या चित्रांचा अर्थ मी लावतो. आरा १९८५ साली वारले. धडपडणाऱ्या नव्या चित्रकारांना त्यांनी मुंबईच्या आर्टिस्ट्स सेंटरमधून मदत केली, हेही त्यांच्या बाबतीत नोंदवले पाहिजे.

६

आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या घरात जाऊ. हे घर कोणी रंगवले तर त्याच्या चित्रात काय येईल?

पाण्याचा माठ, गुंड आणि गडवा. चुलीवरचा काळा गंज. कोपर, सूप, दुरडी, फडा. भिंतीला टेकवलेले मुसळ. रॉकेलची चिमणी. दोरीवर वाळत घातलेले लुगडे. भामरागड-एटापल्लीकडे माडिया-गोंडांच्या घरात दुधी भोपळ्याचा तुंबा. कोपऱ्यात मोहफुलांची टोपली. ही यादी गरिबीची म्हणून सांगून संपत नाही. यातल्या प्रत्येक वस्तूला राजकारण आहे.

सूप घ्या. सूप बांबूचे, विणणारा बुरड. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला 'झाड' ठरवले आणि तो वनखात्याच्या ताब्यात गेला. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जंगलातला बांबू सरकारी कराराने जात असे, आणि सूप विणणाऱ्याला चार काड्यांसाठी वनरक्षकाच्या तोंडाकडे पाहावे लागे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने त्या कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. २०१७ साली जंगलाबाहेरचा बांबू 'झाडा'च्या व्याख्येतून निघाला. घरातल्या सुपामागे एवढा इतिहास उभा आहे. परीक्षेच्या चौरंगावर ते ठेवले तर मुलाला फक्त त्याची जाळीदार वीण दिसते.

ताटातला भात घ्या. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे हे तिसरीपर्यंत शिकलेले अल्पभूधारक शेतकरी. १९८३ साली आपल्या धानाच्या शेतात त्यांना काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्या जपून, वर्षानुवर्षे निवड करून त्यांनी बारीक दाण्याचा नवा वाण तयार केला. बाजारात त्या तांदळाला नाव पडले ते त्या काळी लोकांच्या मनगटावर दिसणाऱ्या घड्याळाचे, एचएमटी. आज देशभर हा तांदूळ खाल्ला जातो. घड्याळाचे नाव सर्वांना माहीत आहे, ज्याने तो शोधला त्याचे नाव फार थोड्यांना. दादाजी २०१८ साली वारले. आमच्या घरातली भाताची थाळी रंगवायची असेल तर तिच्याजवळ ते मनगटी घड्याळ ठेवले पाहिजे.

आणि काही वस्तू अशा की त्यांचे चित्र आता काढताच येत नाही. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरच्या ग्रंथात महार समाजाचा जाडेभरडे कापड विणण्याचा धंदा नोंदलेला आहे. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली होती. गिरण्यांच्या कापडापुढे हातमाग हळूहळू उठले, विणकरांची मुले गिरणीत मजूर झाली. माझ्या माहितीतल्या जुन्या माणसांना घरातल्या मागाचा खड्डा आठवत होता. ते सर्व आता गेले. त्या मागाचे चित्र त्या घरातल्या कोणी काढून ठेवले असते तर आपल्या पूर्वजांना फक्त 'गावकामगार' म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला ते पुरेसे होते. कारागिरी हा आमचाही वारसा होता. पुराव्याअभावी तो वारसा हातातून निसटतो.

माझ्या शाळेतली एक गोष्ट सांगतो. परीक्षेच्या सरावासाठी मुलांनी घरून भांडी आणावीत असे ठरले. आमच्या आळीतून आम्ही जर्मनचे गंज आणि मडकी नेली. ती बाजूला ठेवण्यात आली. पितळेचा तांब्या एका वरच्या घरून मागवला गेला. जर्मनवर उजेड नीट पडत नाही, असे कारण सांगितले गेले. पुढे मी स्वतः शिकवू लागलो तेव्हा मुद्दाम जर्मनचा चेपलेला गंज खिडकीत ठेवून पाहिला. चेपलेल्या भांड्यावर उजेड जितक्या ठिकाणी मोडतो तितका घासलेल्या पितळेवर मोडत नाही. काढायला ते अवघडच, पण शिकायला त्यासारखे दुसरे भांडे नाही. प्रश्न उजेडाचा नव्हताच.

घरातली एक जागा मात्र आपण स्वतः बदलली, आणि तिची तारीख इतिहासाला माहीत आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. चंद्रपूरच्या त्या सोहळ्याच्या उभारणीत बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांचा मोठा वाटा होता. बावीस प्रतिज्ञा घेऊन लोक गावी परतले, आणि देव्हारे रिकामे झाले. शेंदूर फासलेले दगड, टाक, देवीचे मुखवटे नदीत-विहिरीत गेले. त्या कोनाड्यात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आली. शेजारी पुस्तक आले, वही आली, शाई आली. हे स्थिरचित्र आम्ही कुंचल्याने काढले नाही, घरातच मांडले. मनूच्या यादीला दिलेले ते उत्तर होते, आणि ते एकाच वर्षात हजारो घरांत दिले गेले. जगाच्या कलेच्या इतिहासात वस्तूंची मांडणी इतक्या लोकांनी एकत्र ठरवून बदलल्याचे उदाहरण मला ठाऊक नाही.

७

नागपूरचे सवी सावरकर यांनी अस्पृश्याचे गळ्यातले गाडगे आणि कमरेचा झाडू पुन्हा पुन्हा रंगवला. पेशवाईत पुण्याच्या अस्पृश्यांवर लादलेल्या या दोन वस्तू बाबासाहेबांनी १९३६ साली नोंदवल्या होत्या, सावरकरांनी त्या रंगात पकडल्या. ते आवश्यकच होते. जी वस्तू गळ्यात अडकवली गेली ती आधी जगाला दाखवलीच पाहिजे. परंतु ते गाडगे दुसऱ्यांनी दिलेले होते. आपण घेतलेली, आपण घडवलेली, आपण बदललेली भांडी रंगवणे हे त्यापुढचे काम आहे, आणि ते बाकी आहे.

नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जमवून ठेवल्या. त्यात कपडे आहेत, टंकलेखन यंत्र आहे. आमच्या जिल्ह्यांतून लोक तिथे जातात आणि त्या कोटासमोर, त्या यंत्रासमोर बोलायचे थांबतात. महापुरुषाच्या वस्तू जपल्या पाहिजेत हे आपल्याला पटले आहे. आता आपल्या आजीचा गुंड, बापाची जेवणाची थाळी, आईचे जाते, पहिल्या शिकलेल्या मुलाची लोखंडी पेटी याही जपण्यासारख्या आहेत हे पटले पाहिजे. २००१ पासून जनगणनेत घरी रेडिओ आहे का, सायकल आहे का, दूरचित्रवाणी संच आहे का, असे विचारतात. त्या वस्तू कशा आल्या, कोणाचा विरोध पत्करून आल्या, हे तिथे विचारत नाहीत. ते आपणच लिहून आणि काढून ठेवायचे आहे.

चित्रकला शिकवणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना यासाठी एक साधे काम सुचवावेसे वाटते. सरावासाठी मुलांना घरून एकेक भांडे आणायला सांगा, कोणत्याही घराचे भांडे परत पाठवू नका, आणि चित्र पूर्ण झाले की त्याच्या मागे त्या भांड्याची हकिकत लिहायला लावा: ते कोणी घेतले, केव्हा घेतले, कोणत्या कमाईतून घेतले. दहा वर्षे हे काम दहा शाळांत झाले तर चंद्रपूर-गडचिरोलीचा एक सामाजिक इतिहास आपल्या हाती येईल, आणि त्यातली यादी आमची आम्ही केलेली असेल.